नाते : पती

नेपाळला जायला पासपोर्ट लागत नाही, हे वाक्य मराठी माणसाला फार आवडतं. ते ऐकताच त्याच्या चेहऱ्यावर जकात चुकवल्याचा आनंद पसरतो. परदेशही होणार आणि पासपोर्टचे पंधराशे रुपयेही वाचणार. शिवाय पोलीस पडताळणीसाठी घरी येणाऱ्या हवालदाराला चहाबरोबर बिस्कीट द्यायचं की नुसता चहा, हा पेचही टळणार. आमच्या काकांनी तर हे वाक्य ऐकलं त्याच संध्याकाळी सगळ्या नातेवाइकांना फोन करून सांगून टाकलं की आपण परदेशी चाललोय. कुठल्या देशात, ते शेवटी सांगितलं.

पण ‘पासपोर्ट लागत नाही’ आणि ‘काहीच लागत नाही’ या दोन गोष्टींच्या मध्ये सरकारने ऐसपैस जागा सोडलेली आहे. त्या जागेत आमचं अख्खं घर मावलं.

नियम तसा सुटसुटीत आहे. भारतीय माणसाला विमानाने नेपाळला जायचं किंवा तिथून परत यायचं असेल, तर पासपोर्ट हवा, नाहीतर निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र हवं. पॅनकार्ड चालत नाही, लायसन्स चालत नाही आणि आधारही चालत नाही. या शेवटच्या वाक्यावर काकांचा विश्वास बसेना. “आधार चालत नाही म्हणजे?” असं त्यांनी ज्या सुरात विचारलं, त्या सुरात माणसं फक्त वरणात मीठ नसल्याची चौकशी करतात. त्यांचंही चुकलं नव्हतं. सिमकार्डाला आधार, गॅसला आधार, लॉजच्या खोलीला आधार, नातवाच्या बालवाडीला आधार, आणि शेवटी वैकुंठातही आधार. (पुण्याबाहेरच्यांसाठी: वैकुंठ ही आमच्याकडची स्मशानभूमी. तिथली पावती फाडतानाही कुणाचं ना कुणाचं आधार मागतात.) ज्या कार्डाने माणसाचे डोळे आणि दहाही बोटं टिपून घेतली, ते सरहद्दीपलीकडे नुसतं पत्ता लिहिलेलं प्लास्टिक ठरतं, आणि जे कार्ड पाच वर्षांतून एकदा, तेही सुट्टी मिळते म्हणून कपाटातून बाहेर येतं, ते थेट आंतरराष्ट्रीय कागदपत्र ठरतं!

यामागचं तर्कशास्त्र काकांना मीच समजावून दिलं. आधार तुम्ही कोण ते सांगतं, कुठल्या देशाचे ते सांगत नाही. ते इथे राहणाऱ्या परदेशी माणसालाही मिळतं. मत मात्र नागरिकच देतो. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग मी आजवर ज्यांना ज्यांना मतं दिली त्यांच्यापैकी कुणाला तरी फोन कर की.”

मग मतदार कार्डाचा शोध सुरू झाला. ही कार्डं १९९३ मध्ये मुख्य निवडणूक आयुक्त शेषनसाहेबांच्या काळात निघाली. काकांचं कार्ड त्याच पहिल्या पिकातलं. त्या वेळी महापालिकेच्या शाळेत, वर्गातल्या फळ्यासमोर लाकडी खुर्चीवर बसवून फोटो काढत. फोटोवाल्याला संध्याकाळपर्यंत प्रभाग संपवायचा असे, त्यामुळे कुणाचे डोळे मिटलेले, कुणाची मान अर्धी वळलेली, आणि एकजात सगळ्यांच्या चेहऱ्यावर नुकतीच वाईट बातमी कळल्याचे भाव. फोटो कृष्णधवल, त्यातही धवल कमी. वयाच्या रकान्यात जन्मतारीख नाही, ‘१.१.१९९५ रोजी वय ३३’ एवढंच. काकांचं वय तिथेच थांबलेलं, ही एक गोष्ट त्यांना मनापासून आवडली.

बाकीचे रकाने वाचल्यावर मात्र घरात शांतता पसरली. ‘लिंग : स्त्री’. आणि त्याच्या वर, वडिलांच्या नावाच्या जागी, ‘पतीचे नाव’ म्हणून आमचे आजोबा. म्हणजे भारतीय निवडणूक आयोगाच्या हिशेबाने काका ही एक विवाहित महिला असून ती स्वतःच्या वडिलांची बायको होती. या कार्डावर काकांनी तीस वर्षं बिनबोभाट मतदान केलं. बूथवरचा माणूस पेठेतलाच, तो कार्ड कशाला वाचतोय? “या काका,” म्हणायचा आणि शाई लावायचा. बायकांच्या रांगेत उभं राहायला कुणी सांगितलं नाही, एवढीच लोकशाहीची कृपा.

“दुरुस्ती करून घेऊ,” मी म्हटलं. नमुना ८ भरायचा, निवडणूक आयोगाचा बीएलओ येऊन पाहणी करून जातो, मग कार्ड छापून येतं. पण तिकिटं काढून झाली होती, आणि मतदार यादीचं काम ज्या वेगाने चालतं त्या वेगाने आमची गाडी चालली असती तर आम्ही अजून मनमाडलाच असतो.

तेवढ्यात मला नियमातली दुसरी फट सापडली. पंधरा वर्षांखालच्यांना आणि पासष्ट वर्षांवरच्यांना सूट आहे. त्यांनी वय आणि ओळख पटेल असं कुठलंही फोटो असलेलं कागदपत्र दाखवलं तरी भागतं. २०१९ च्या जानेवारीत गृह मंत्रालयाने त्यांच्यासाठी आधारही चालेल असं सांगून टाकलं. मला हा नियम फार मार्मिक वाटतो. पंधराच्या आत माणूस निरागस असतो, पासष्टनंतर तो निरुपद्रवी होतो. मधली पन्नास वर्षं संशयाची.

मावशी पासष्टच्या पुढची, त्यामुळे ती तत्क्षणी सुटली. खरं तर घरात सर्वांत गोंधळाचे कागद तिचेच. लग्नात तांदळात बोटाने गिरवलेलं नाव वेगळं, शाळेच्या दाखल्यावरचं वेगळं, बँकेत पहिलं, रेशनवर दुसरं. कागदोपत्री मावशी म्हणजे एकाच पत्त्यावर राहणाऱ्या दोन बायका आहेत आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत. पण नेपाळला तिच्याकडून फक्त आधार हवं होतं. ते तिने पर्समधून काढून चहाच्या कपाशेजारी ठेवलं आणि आमच्याकडे अशी बघत राहिली, जशी परीक्षेचा पेपर तासभर आधी देऊन बसलेली मुलगी बघते.

काकाही सुटले असते. पण काकांची जन्मतारीख १ जून.

महाराष्ट्रात ही तारीख का गाजते, ते वेगळं सांगायला नको. शाळा जूनमध्ये उघडायची, आईबाप पोराला घेऊन यायचे, जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची. गुरुजी पोराकडे एकदा पाहायचे, मनातल्या मनात सहा वजा करायचे आणि ‘१ जून’ लिहून पुढच्याला बोलवायचे. त्यामुळेच दरवर्षी ३१ मेला सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांची रांग लागते. एकाच हारवाल्याकडून सगळ्या खात्यांचे हार जातात. काकांच्या दाखल्यावर १ जून १९६१ आहे. पण आमची आजी सांगायची की पानशेतचं धरण फुटलं त्या दिवशी काका स्वतःच्या पायांनी वाड्याचा जिना चढून वर पळाले. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ चा. कागदाप्रमाणे त्या दिवशी काका दीड महिन्याचेही नव्हते.

नोकरीत असताना काकांनी या गुरुजींची आठवण नेहमी कृतज्ञतेने काढली. दोन वर्षं जास्त पगार, म्हणजे साधी गोष्ट नव्हे. आता मात्र तेच गुरुजी त्यांच्या आणि पशुपतिनाथाच्या मध्ये उभे होते. खऱ्या वयाने काका सहासष्टचे, आधारावर चालणारे. कागदाच्या वयाने चौसष्टचे, संशयित. “त्या मास्तराला काय घाई होती?” एवढंच ते म्हणाले. पेन्शनचा उल्लेख काकूने केला तेव्हा त्यांनी विषय बदलला.

माझ्या मुलीची गोष्ट थोडक्यात सांगतो. ती सोळाची. पंधरा ते अठरा या वयोगटाला शाळेच्या मुख्याध्यापकांनी विहित नमुन्यात दिलेला ओळखीचा दाखला चालतो. आम्ही शाळेत गेलो. तिथल्या कचेरीत दाखला म्हणजे बोनाफाईड, आणि बोनाफाईड म्हणजे पोरगी याच शाळेत शिकते हे प्रमाणपत्र. “नेपाळसाठी वेगळं?” कारकून बाईंनी विचारलं. नमुना दाखवला. त्यांनी तो वाचला, आत नेऊन मुख्याध्यापकांना दाखवला, बाहेर आणला आणि विचारलं, “पण मुलगी परत येणारे ना?” मग जावक क्रमांक पडला, गोल शिक्का पडला, आणि फोटोवर अर्धी आणि कागदावर अर्धी अशी सही आली. माझ्या मते आमच्या सगळ्या चवडीत सर्वांत देखणा कागद तोच होता.

हे सगळं फक्त विमानासाठी, बरं का. जमिनीवरून जाणाऱ्याला यातलं जवळजवळ काहीच विचारत नाहीत. ३१ जुलै १९५० ला भारत आणि नेपाळ यांच्यात मैत्रीचा करार झाला. त्यानुसार इकडच्याने तिकडे जावं, राहावं, धंदा करावा, तिकडच्यानेही तसंच. सतराशे किलोमीटरहून लांब सरहद्द, तिच्यावर जागोजागी शेतं आणि पाऊलवाटा. विमानाची भानगड १९९९ नंतर वाढली. त्या वर्षी २४ डिसेंबरला काठमांडूहून दिल्लीला निघालेलं आयसी ८१४ हे विमान पळवून कंदाहारला नेलं, आणि तेव्हापासून विमानात चढणाऱ्याकडे सगळेच निरखून बघायला लागले. ते रास्तच आहे. फक्त त्याचा परिणाम असा, की त्याच दोन देशांमध्ये पायी जाणारा माणूस शेजारी ठरतो आणि तिकिटाचे दहा हजार मोजणारा आरोपी.

या कराराचा खरा जाणकार मला काकूच्या माहेरी भेटला. रत्नागिरीकडच्या आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळी गुरखे असतात. मोहोर धरला की येतात, आंबा उतरला की जातात. काकूच्या भावाच्या बागेतला एकजण वर्षानुवर्षं येतो. मालवणी मिसळलेलं मराठी बोलतो, माकडांना मात्र नेपाळीतून शिव्या देतो. आमच्या कागदांची चवड डोळ्यांपुढे ठेवून मी त्याला विचारलं, “सरहद्दीवर तू काय दाखवतोस?” त्याने आश्चर्याने विचारलं, “कुणाला?”

शेवटी काकांनीच तोडगा काढला. जाताना गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सुनौलीमार्गे जमिनीवरून. येताना काकूच्या गुडघ्यांसाठी काठमांडूहून विमान. “आत तर शिरू,” ते म्हणाले, “बाहेर पडायचं बघू.” नेपाळमध्ये घुसखोरी करणारा हा पहिला पेन्शनर असावा.

गोरखपूरहून सुनौली नव्वदेक किलोमीटर. तिथे सरहद्द म्हणजे एका गजबजलेल्या बाजाराच्या मधोमध उभी केलेली कमान. अलीकडे मोबाईलची कव्हरं, पलीकडे मोबाईलची कव्हरं. सायकलरिक्षा, ट्रक, डोक्यावर गाठोडं घेतलेल्या बायका, शाळेतून घरी चाललेली पोरं, सगळे एकाच रस्त्याने परदेशात ये-जा करतात. कमानीजवळ सशस्त्र सीमा बलाचे जवान. काकांनी रेल्वेतच फोल्डर छातीशी धरून ठेवलं होतं: डाव्या कप्प्यात मूळ प्रती, उजव्यात झेरॉक्स, झेरॉक्सच्या मागे साक्षांकित झेरॉक्स. मतदार कार्ड सर्वांत खाली, पालथं.

जवानाने विचारलं, “कहाँ से?”

“पुना से,” काका म्हणाले आणि फोल्डरचं बटण उघडलं.

“जाइए.”

काका जागचे हलेनात. “अजी, हमारे पास सब कागज है,” त्यांनी सांगून पाहिलं. जवानाने काकूची पिशवी वरवर चाचपली, चिवड्याचा डबा उघडून बघितला, वास घेतला आणि पुन्हा “जाइए” म्हणाला. मागून सायकलची घंटी वाजली. दहा पावलांवर आम्ही नेपाळात होतो. ज्या माणसाला वाटेत भोपाळपासून ‘बाई’ म्हणून पकडले जाण्याची धास्ती होती, तो आता कुणीच पकडत नाही म्हणून खट्टू झाला. “एवढे झेरॉक्स काढले,” ते पुटपुटले, “निदान एखादा तरी ठेवून घ्यायचा.”

शिक्काही नाही. ज्यांना शिक्का लागतो ती पाठपिशव्या लावलेली गोरी पोरं-पोरी दुकानांच्या ओळीत दडलेली इमिग्रेशनची कचेरी शोधत घाम पुसत होती. त्यांच्याकडे पासपोर्ट होते, व्हिसासाठी डॉलर होते, आणि ती आमच्याकडे बघत होती. आयुष्यात पहिल्यांदा मला पासपोर्टच्या रांगेत गोऱ्या माणसाची दया आली. मागे एक बोलेरोवाला अडकला होता. माणसांना कागद नको, पण गाडीला हवा. भारतातल्या गाडीला नेपाळात शिरताना भन्सार, म्हणजे तिथली जकात, भरावा लागतो, दिवसाच्या हिशेबाने. बोलेरोतली सासू, सून, तीन पोरं नेपाळात उतरून समोसे खात होती. गाडी आणि ड्रायव्हर भारतात उभे होते. काकांना या दृश्याने जरा उभारी आली.

समोरच्या टपरीवर चहा घेताना मावशीने तिच्या आईची गोष्ट काढली. आजी बांद्याची, आणि आमची कुलदेवता कवळ्याची शांतादुर्गा. गोवा पोर्तुगिजांकडे असेपर्यंत देवीची ओटी भरायची म्हणजे परदेशात जायचं. रेल्वेने जाणाऱ्यांची झडती आधी कॅसलरॉकला आपल्या बाजूला, मग कुळ्याला पोर्तुगिजांच्या बाजूला. पुढे १९५५ मध्ये तर गाड्याच बंद झाल्या. गोऱ्यांचा अंमल संपला तो १९ डिसेंबर १९६१ ला. त्या मधल्या काळात आजी खणानारळाचं तबक घरातच दक्षिणेकडे तोंड करून ठेवत असे. “देवीलाच परमिट काढून इकडे आणा म्हणायची,” मावशी म्हणाली. आता त्याच देवळाच्या दारात गाडी लावायला जागा मिळत नाही, कारण कुणालाच काही दाखवावं लागत नाही.

लुंबिनी झालं, पोखरा झालं, पशुपतिनाथ झाला. ते सगळं काकांनी फोटोंसकट प्रत्येकाला सांगितलंच आहे. मी थेट काठमांडूच्या विमानतळावर येतो.

इथे एक गंमत लक्षात घ्यायला हवी. नेपाळने आम्हाला आत घेताना काहीच विचारलं नव्हतं. आता आम्हाला आमच्याच देशात परत जायचं होतं, आणि त्यासाठी आपण भारतीय आहोत हे सिद्ध करायचं होतं. काउंटरवरचा पोरगा नम्र होता, पंचविशीतला. मावशीचं आधार पाहून त्याने मान डोलावली. मुलीचा दाखला त्याने दोनदा वाचला आणि शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग काकांचं आधार. त्याने जन्मतारीख पाहिली, मनातल्या मनात वजाबाकी केली, अगदी त्या गुरुजींसारखी, आणि म्हणाला, “पासष्ट पूर्ण नाहीत. दुसरं काही?”

काकांनी त्याला पानशेत सांगितलं. पुणेरी हिंदीतून, सगळं. धरण कसं फुटलं, मुठेला पाणी कसं आलं, वाड्याचा जिना किती पायऱ्यांचा होता. पोरगा ऐकत राहिला. मागची रांगही ऐकत राहिली. पूर ओसरल्यावर त्याने विचारलं, “याचा काही कागद?”

तेवढ्यात काकांचं लक्ष भिंतीवरच्या नेपाळी कॅलेंडरकडे गेलं. नेपाळचा सरकारी कारभार विक्रम संवतावर चालतो, आणि भिंतीवर साल होतं २०८२. सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या माणसाला फट दिसायला वेळ लागत नाही. “तुमच्या देशात आत्ता कुठलं साल आहे?” त्यांनी विचारलं. “दोन हजार ब्याऐंशी.” “माझा जन्म एकोणीसशे एकसष्टचा. वजा करा.” पोरगा हसला. एकशे एकवीस वर्षांच्या प्रवाशाकडे त्याने आदराने पाहिलंही, पण बोर्डिंग पास दिला नाही.

“दाखवा ना आता ते बाईचं कार्ड,” काकू शांतपणे म्हणाली.

मतदार कार्ड बाहेर आलं. पोऱ्याने ते पाहिलं, काकांच्या मिशांकडे पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं आणि आतल्या साहेबांना बोलवायला गेला. साहेब आले. त्यांनीही तोच क्रम केला: कार्ड, मिशा, कार्ड. मग एक वाक्य म्हणाले, जे काकांनी घरी कुणालाच सांगितलेलं नाही: “या बाई कुठे आहेत?”

इथे मी खिशातली नियमांची छापील प्रत काढली. तिसरी फट. नवरा, बायको, अज्ञान मुलं आणि आईवडील असं कुटुंब एकत्र प्रवास करत असेल आणि त्यातल्या एका प्रौढाकडे पासपोर्ट किंवा मतदार कार्ड असेल, तर बाकीच्यांकडून त्याचा आग्रह धरत नाहीत. बाकीच्यांनी फोटोची काहीतरी ओळख आणि नात्याचा पुरावा द्यायचा. नात्याच्या पुराव्यात रेशनकार्डाचं नाव स्पष्ट लिहिलेलं.

काकूचं मतदार कार्ड चोख होतं. नाव बरोबर, लिंग बरोबर, पती बरोबर. फोटोतही ती अशी बघत होती की कॅमेऱ्यानेच दबून नीट काम करावं. आणि तिच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेलं, आमचं केशरी रेशनकार्ड. हे तिने का आणलं, असं मी पुण्यात विचारलं होतं. “परगावी जाताना असावं,” एवढंच तिचं उत्तर.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानंतर रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव येतं. त्यामुळे पहिली ओळ काकूची. काका दुसऱ्या ओळीत. नाव, वय, आणि शेवटच्या रकान्यात, ‘नाते : पती’.

जगातल्या दुसऱ्या कुठल्याही विमानतळावर तो कागद म्हणजे भाजीच्या हिशेबाचा चिठोरा ठरला असता. लंडनला, दुबईला, सिंगापूरला त्यावरचं एक अक्षर कुणाला लागलं नसतं. पण नेपाळी माणूस देवनागरीच वाचतो. साहेबांनी महाराष्ट्र शासनाचं रेशनकार्ड चष्मा वर करून सरळ वाचायला सुरुवात केली, न अडखळता. काकूचं नाव वाचलं. काकांचं वाचलं. ‘पती’वर बोट ठेवलं. साखर आणि तांदळाच्या नोंदींवरूनही त्यांनी एकदा नजर फिरवली. तांदूळ मिळतो का, असं विचारलंसुद्धा. “दोन महिने आला नाही,” काकूने सांगितलं. साहेबांनी समजल्यासारखी मान हलवली, तो प्रश्न दोन्ही देशांत सारखाच असावा.

“हे तुमच्याबरोबर आहेत?” त्यांनी काकूला विचारलं. काकांना नाही; काकूला.

काकूने उत्तर द्यायला जो वेळ घेतला तो नियमात कुठेही नमूद नाही. काका तेवढ्या वेळात तीनदा घसा खाकरले.

“आहेत,” ती म्हणाली.

बोर्डिंग पास मिळाला. विमानात काकांना खिडकी काकूने दिली.

परत आल्यावर काही दिवस काका सरहद्दींवर अधिकारवाणीने बोलत असत. भूतानचा विषय निघाला, कारण तिथेही भारतीयाला पासपोर्ट किंवा मतदार कार्ड एवढंच लागतं. पण तिथे जयगावची कमान ओलांडून फुंटशोलिंगला परवाना घ्यावा लागतो, मुलांचा जन्मदाखला लागतो, आणि माणशी एका रात्रीचे बाराशे रुपये सरकारजमा करावे लागतात. ते हॉटेलचे नव्हेत. नुसतं तिथे असण्याचे. “झोपलो तरी बाराशे?” काकांनी विचारलं. झोपलो तरी. “आणि दिवसा?” रात्रीवरच हिशेब असतो, म्हटल्यावर त्यांनी सकाळी जाऊन संध्याकाळी परत येण्याचा बेत नकाशावर मोजून पाहिला. मग भूतान मागे पडला.

नमुना ८ मात्र काकूने त्यांच्याकडून भरून घेतला. बीएलओ बाई घरी आल्या, काकांना समोर बसवून खात्री करून गेल्या. या पाहणीबद्दल घरात बोलायला मनाई आहे.

आता तवांग ठरतंय. काकांचा आवाज पुन्हा चढला आहे. “आपलाच देश! आपलेच रस्ते! कागदाचं नाव काढायचं नाही.”

“काका, अरुणाचलला परमिट लागतं.”

“कुणाला? परदेशी लोकांना?”

“आपल्याला. इनर लाइन परमिट. इंग्रजांच्या १८७३ च्या कायद्यापासून आहे. नागालँडला लागतं, मिझोरामला लागतं, मणिपूरलाही लागतं.”

काका बराच वेळ गप्प बसले. परक्या देशात ‘जाइए’ म्हणतात आणि स्वतःच्या देशात परमिट मागतात, यावर त्यांचं मन नीट बसेना. मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं.

“तिथे आधार चालतं?”

“चालतं.”

“पासष्टच्या आतल्यांनाही?”

“सगळ्यांना.”

“म्हणजे ज्याचं त्याचं आधार ज्याच्या त्याच्या नावावर?”

“हो.”

काकांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि चहा मागितला. आतून काकू म्हणाली, “म्हणजे या वेळी मी नाही आले तरी चालेल.”